चष्मेवाल्यांनी समुद्राचा तळ कसा पाहावा?

२०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यातल्या मुलाने समुद्राच्या तळाविषयी लिहावे, याचे वाचकांना हसू येईल. परंतु अनुभवच तसा आला.

आमच्या घरात महाविद्यालयात येणारा मी पहिला, आणि चष्मा लागलेलाही मीच पहिला. गेल्या हिवाळ्यात आम्ही नांदेडहून सहलीला मालवणला गेलो. तोंडावर मास्क चढवून, नळीने श्वास घेत पाण्यावर पालथे तरंगायचे आणि खालचे मासे, प्रवाळ पाहायचे, याला स्नॉर्केलिंग म्हणतात. साठवलेले पैसे मी भरले. पण चष्म्याच्या काड्यांमुळे मास्कची कड चेहऱ्याला चिकटेना. पाणी आत येई. चष्मा काढला तर सारे धूसर! मित्र मासे मोजत होते. मला नुसते रंग हलताना दिसले. परतल्यावर मी या गोष्टीचा शोध घेतला. तो आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम मास्क कशासाठी, ते पाहू. आपल्या डोळ्याची शक्ती सुमारे ६० डायऑप्टर असते. त्यांतील ४० हून अधिक बुबुळावरच्या पारदर्शक पटलाची, म्हणजे कॉर्नियाची. हवेतून येणारा प्रकाश तेथे वळतो. पण पाण्याचा वक्रीभवनांक १.३३ आणि कॉर्नियाचा १.३८ च्या आसपास. फरक इतका थोडा की पाण्यात प्रकाश फारसा वळतच नाही. (म्हणूनच माशाच्या डोळ्यातले भिंग गोटीसारखे गोल असते.) मास्क डोळ्यापुढे हवेचा थर ठेवतो आणि ही शक्ती परत मिळते. शिवाय चार मीटरवरचा मासा तीन मीटरवर असल्यासारखा व मोठा दिसतो. त्यामुळे उणे एक नंबर असलेल्यांचे चष्म्यावाचूनही बरेचसे भागते. आमच्यासारख्यांचे मात्र नाही.

आता उपाय, स्वस्तापासून महागाकडे :

१) जुना चष्मा. काड्या काढून, भिंगांची चौकट मास्कच्या आत घट्ट बसवायची. हे फक्त वरवर तरंगण्यापुरते. खोल बुडी मारताना चौकट चेहऱ्यावर दाबली जाऊ शकते.

२) तयार नंबरी भिंगांचा मास्क. काही मास्कच्या काचा काढून त्या जागी अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या टप्प्याने मिळणारी भिंगे बसवता येतात. डावे-उजवे वेगळे चालते. तिरपा (सिलिंड्रिकल) नंबर थोडा असेल तर त्याचा निम्मा मुख्य नंबरात मिळवावा. उदाहरणार्थ, उणे तीन व तिरपा उणे एक, तर भिंग उणे साडेतीनचे.

३) स्वतःच्या नंबराची भिंगे घडवून मास्कच्या काचेला आतून चिकटवणे. हे अचूक, पण खर्चिक.

कॉन्टॅक्ट लेन्स सोयीच्या खऱ्या, पण पाण्यातील अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव लेन्सखाली अडकल्यास कॉर्नियाला गंभीर इजा होते. वापरायच्याच तर डॉक्टरांना विचारून, एकदाच वापरून टाकायच्या मऊ लेन्स घ्याव्यात. त्या नळाच्या पाण्यानेही धुऊ नयेत.

पोहण्याचे नंबरी गॉगल स्वस्त मिळतात. तलावात पोहायला ते उत्तम. बुडीला मात्र मुळीच नकोत. खोलीवर पाण्याचा दाब वाढतो. मास्कमध्ये नाक आत असल्याने नाकाने हवा सोडून तो सावरता येतो. गॉगलमध्ये नाक बाहेर राहते आणि डोळ्यांवर ताण येतो.

मित्रहो, तात्पर्य एवढेच की निघण्यापूर्वी नंबराचा कागद खिशात ठेवावा आणि ‘नंबरचा मास्क मिळेल का?’ असे फोनवर विचारावे. हा प्रश्न विचारायला मला संकोच वाटला. आपल्यातच काही उणे आहे असे वाटले. उणे होते ते फक्त नंबरात!

घरी आल्यावर वडिलांनी विचारले, “काय दिसलं रे समुद्रात?” मी म्हणालो, “मासे.” ते खोटे होते. पुढच्या खेपेला ते खरे करायचे आहे.