दुवा कोठे निखळला?

प्रस्तावना

घरातील दिवा लागला नाही तर आपण लगेच घराची सारी वायरिंग उखडत नाही. आधी बटण पाहतो, मग बल्ब तपासतो, मग शेजारी वीज आहे का याची चौकशी करतो. तपासणीची ही रीत आपल्याला कोणी मुद्दाम शिकविलेली नसते. ती अनुभवाने अंगवळणी पडलेली असते. संगणकासमोर बसल्यावर मात्र आपण हे शहाणपण बाजूला ठेवतो. ‘नेट चालत नाही’ एवढेच म्हणतो आणि हात टेकतो.

लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपची बिनतारी जोडणी, म्हणजेच वायफाय, बंद पडल्यास दोष कसा शोधावा, हे प्रस्तुत पाठात पाहावयाचे आहे. भाषेच्या पुस्तकात हा विषय कशासाठी, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. दोष शोधण्याचे निम्मे काम भाषेचे असते, हेच त्याचे उत्तर होय. काय बिघडले आहे हे ज्याला नेमक्या शब्दांत सांगता येते, त्याची दुरुस्ती अर्धी झालेली असते.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही
• बिनतारी जोडणीतील पाच दुवे ओळखू शकाल;
• प्रत्येक दुव्याची तपासणी क्रमाने करू शकाल;
• यंत्रातील दोषाचे वर्णन नेमक्या वाक्यांत करू शकाल.

मूलपाठ

एक प्रसंग

पुढील प्रसंग कल्पित आहे. परंतु असे प्रसंग अनेक घरांत घडतात. शिवणकाम करून संसाराला हातभार लावणारी एक महिला दहावीच्या परीक्षेला बसणार आहे. परीक्षेचा अर्ज संकेतस्थळावर भरावयाचा असून त्याची मुदत उद्या संपते. आवश्यक ती कागदपत्रे लॅपटॉपमध्ये साठविलेली आहेत. हा जुना लॅपटॉप तिला भाच्याने दिला आहे. विंडोज १० या प्रणालीला मिळणारे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, आणि विंडोज ११ या जुन्या यंत्रावर बसत नव्हते. म्हणून भाच्याने आपल्याजवळच्या एका जुन्या पेनड्राइव्हवरून त्यात लिनक्स बसवून दिले. त्याच्या घरी सर्व काही सुरळीत चालले. येथे मात्र वायफाय लागत नाही.

शेजारचा मुलगा लॅपटॉप उघडून पाहतो आणि सांगतो, “मावशी, कार्ड जळलंय. आता नवीनच घ्या.”

नवा लॅपटॉप घ्यावयाचा म्हणजे कित्येक महिन्यांची शिलाई खर्ची पडणार. तेव्हा पैशांची जुळवाजुळव करण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे: कार्ड जळले, हे त्याने कशावरून ठरविले?

लिनक्सची ओळख

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिण्यास प्रारंभ केला. पुढे जगभरातील असंख्य लोकांनी त्यात भर घातली. हा गाभा कोणालाही विनामूल्य वापरता येतो, तपासता येतो आणि बदलताही येतो. उबुंटू, डेबियन, फेडोरा ही त्यावर उभारलेल्या प्रणालींची नावे होत. आपल्या देशात सी-डॅक या संस्थेने २००७ मध्ये ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली उपलब्ध करून दिली. केरळमधील सरकारी शाळांतूनही लिनक्सचा मोठ्या प्रमाणावर वापर होतो.

लिनक्सचा एक गुण आपल्या उपयोगाचा आहे. यंत्रात काय घडले याची नोंद ही प्रणाली ठेवते आणि विचारल्यास ती दाखवते. विचारावे कसे, एवढेच शिकावे लागते. प्रश्न विचारण्यासाठी ‘टर्मिनल’ नावाची खिडकी उघडून तीत आज्ञा लिहावी व एंटरची कळ दाबावी. पुढे आज्ञांची अक्षरे उच्चारानुसार दिली आहेत. ती इंग्रजीतील लहान अक्षरांत लिहावीत.

आधी एक प्रश्न

लॅपटॉपला हात लावण्यापूर्वी त्याच वायफायवर फोन चालतो का, ते पाहावे. असे पाहताना फोनमधील मोबाइल डेटा बंद ठेवावा. अन्यथा फोन त्या मार्गाने चालेल आणि आपली फसगत होईल. फोनही चालत नसेल तर दोष राउटरमध्ये किंवा बाहेरच्या सेवेत असण्याचा संभव अधिक. अशा वेळी राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू करावा. फोन चालतो आणि लॅपटॉप चालत नाही, असे आढळले तरच पुढील तपासणी करावी.

पहिला दुवा: स्विच

अनेक जुन्या लॅपटॉपच्या कडेला वायफायचा छोटा सरकता स्विच असतो. पिशवीत ठेवताना तो नकळत सरकतो. काही यंत्रांत वरच्या ओळीतील एखाद्या कळीवर अँटेनाचे चित्र असते. त्या कळीनेही वायफाय बंद होते. याची खात्री करण्यासाठी आर, एफ, के, आय, एल, एल ही सहा अक्षरे लिहावीत, एक जागा मोकळी सोडावी आणि ‘लिस्ट’ हा इंग्रजी शब्द लिहावा. उत्तरात दोन ओळी महत्त्वाच्या असतात. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’पुढे ‘यस’ असेल तर अडथळा प्रणालीतला आहे. विमान-स्थिती बंद करून वायफाय चालू केले की तो सहसा दूर होतो. ‘हार्ड ब्लॉक्ड’पुढे ‘यस’ असेल तर स्विच किंवा कळ पाहावी. हा अडथळा केवळ आज्ञेने हटत नाही.

दुसरा दुवा: कार्ड आणि त्याचा चालक

लॅपटॉपमधील वायफायचे कार्ड रेडिओलहरींच्या साहाय्याने राउटरशी बोलते. या कार्डाकडून काम करून घेण्यासाठी प्रणालीला ‘ड्रायव्हर’ लागतो. बहुतेक कार्डांना ‘फर्मवेअर’ नावाची आणखी एक फाइलही लागते. यंत्र सुरू होताना ड्रायव्हर ती कार्डात भरतो. म्हणून ‘कार्ड नाही’, ‘ड्रायव्हर नाही’ आणि ‘फर्मवेअर नाही’ ही तीन वेगळी वाक्ये आहेत. तिन्हींचे बाह्य लक्षण मात्र एकच: वायफायची यादीच दिसत नाही.

एल, एस, पी, सी, आय ही आज्ञा दिल्यास आतल्या जोडणीवरील भागांची यादी मिळते. तीत ‘नेटवर्क कंट्रोलर’ किंवा ‘वायरलेस’ असे शब्द व कार्डाचे नाव दिसले, तर प्रणालीला कार्ड सापडले आहे. ते जळले असा निष्कर्ष काढण्यास आधार उरत नाही. यूएसबीत खोचलेल्या कार्डासाठी एल, एस, यू, एस, बी ही आज्ञा द्यावी.

त्यानंतर आय, पी, मोकळी जागा, ए अशी आज्ञा द्यावी. तारेच्या जोडणीचे नाव बहुधा ई, एन या अक्षरांनी आणि बिनतारी जोडणीचे डब्ल्यू, एल या अक्षरांनी सुरू होते. कार्ड यादीत आहे, पण डब्ल्यू, एल ने सुरू होणारे नाव नाही, असे दिसल्यास ड्रायव्हर किंवा फर्मवेअर यांपैकी काहीतरी कमी आहे असे समजावे. नेमके काय, हे डी, एम, ई, एस, जी या आज्ञेने कळते; तिच्यापूर्वी एस, यू, डी, ओ ही अक्षरे व मोकळी जागा द्यावी, म्हणजे प्रशासकाचा अधिकार मिळतो. बऱ्याच नोंदींमध्ये ‘फर्मवेअर’ व ‘फेल्ड’ हे शब्द असलेली ओळ शोधावी. त्या ओळीत हव्या असलेल्या फाइलचे नावही बहुधा दिलेले असते.

आपल्या प्रसंगातील यंत्रात नेमके हेच आढळते. कार्ड यादीत आहे, डब्ल्यू, एल ने सुरू होणारे नाव नाही, आणि नोंदीत फर्मवेअर मिळाले नसल्याची ओळ आहे. भाच्याच्या पेनड्राइव्हवर डेबियनची जुनी आवृत्ती होती. ज्यांचा मूळ मजकूर खुला नाही असे फर्मवेअर डेबियनच्या नेहमीच्या स्थापना-संचात पूर्वी दिले जात नसे. डेबियनच्या सदस्यांनी २०२२ मध्ये मतदान करून हे धोरण बदलले आणि जून २०२३ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून ते संचात येऊ लागले. भाच्याच्या घरी लॅपटॉप तारेने जोडलेला होता. म्हणून ही उणीव तेथे ध्यानात आली नाही.

येथे एक पेच उभा राहतो. फर्मवेअर आणण्यासाठी इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी फर्मवेअर हवे. यावर साधा उपाय आहे. फोन चार्जिंगच्या तारेने लॅपटॉपला जोडावा व फोनच्या मांडणीत ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. तार केवळ चार्जिंगची नसून माहिती वाहून नेणारी असावी. मग लॅपटॉपला फोनमार्फत इंटरनेट मिळते. मुदत उद्याची असल्याने आधी अर्ज भरावा, मगच फर्मवेअर बसवून लॅपटॉप पुन्हा सुरू करावा. निकडीचे काम आणि दुरुस्ती यांची गल्लत करू नये.

तिसरा दुवा: राउटरशी जोडणी

यादी दिसते, पण आपल्याच राउटरचे नाव त्यात नाही, असेही घडते. वायफाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांवर चालते. पुष्कळ जुन्या कार्डांना फक्त पहिला पट्टा कळतो. राउटर केवळ दुसऱ्यावर चालू असेल तर फोनला तो दिसतो व लॅपटॉपला दिसत नाही. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून कमी पोहोचतात, हेही ध्यानात ठेवावे.

नाव दिसते, पण जोडणी नाकारली जाते, असे असल्यास परवलीचा शब्द पुन्हा भरावा. त्यात लहान व मोठी अक्षरे वेगळी मानली जातात. राउटरचा परवलीचा शब्द बदलला असेल तर लॅपटॉपने जतन केलेली जुनी जोडणी पुसून नव्याने जोडावे.

चौथा दुवा: पत्ता

जोडणी झाल्यावर राउटर प्रत्येक यंत्राला एक क्रमांक देतो. तो त्या यंत्राचा पत्ता होय. वर सांगितलेल्या आय, पी, मोकळी जागा, ए या आज्ञेने तो दिसतो. घरगुती जाळ्यात तो पुष्कळदा १९२.१६८ ने सुरू होतो. पत्ताच नसेल किंवा तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. जोडणी तोडून पुन्हा जोडावी. तरीही तसेच राहिल्यास राउटर पुन्हा सुरू करावा.

पाचवा दुवा: बाहेरचा रस्ता

पत्ता आहे, तरीही संकेतस्थळ उघडत नाही. आता ‘पिंग’ ही आज्ञा वापरावी. पी, आय, एन, जी, मोकळी जागा आणि मग ८.८.८.८ हा क्रमांक इंग्रजी अंकांत लिहावा. तो गूगलच्या सार्वजनिक नामसेवेचा पत्ता आहे. उत्तरे येऊ लागली तर बाहेरचा रस्ता खुला आहे. कंट्रोल व सी या कळा एकत्र दाबल्यावर ही आज्ञा थांबते. त्यानंतर क्रमांकाऐवजी एखाद्या संकेतस्थळाचे नाव लिहून पाहावे. क्रमांकाला उत्तर येते, पण नाव ओळखता आले नाही असा संदेश येतो, तर दोष नामसेवेत आहे. नामसेवा म्हणजे नावावरून क्रमांक शोधून देणारी व्यवस्था, जणू इंटरनेटची दूरध्वनी-पुस्तिका. काही संकेतस्थळे पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत. त्यामुळे केवळ मौनावरून निष्कर्ष काढू नये.

सार्वजनिक ठिकाणी आणखी एक शक्यता असते. मुंबई सेंट्रल स्थानकावर जानेवारी २०१६ मध्ये रेलटेलची मोफत वायफाय सेवा सुरू झाली आणि पुढे ती देशभरातील स्थानकांवर पसरली. अशा जाळ्यांत जोडणी होते, पत्ताही मिळतो. परंतु स्वागताच्या पानावर फोन क्रमांक व त्यावर आलेला संकेतांक भरेपर्यंत पुढचा रस्ता उघडत नाही. येथे काहीही बिघडलेले नसते.

एका वेळी एकच बदल

तपासणी करताना दोन नियम पाळावेत. पहिला, एका वेळी एकच बदल करावा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि वायफाय लागले, तर कशामुळे लागले हे कळत नाही. दुसरा, काय केले व काय दिसले हे वहीत लिहून ठेवावे. संदेश जसाच्या तसा उतरवावा किंवा त्याचे छायाचित्र घ्यावे.

इतके करूनही दोष हाती लागला नाही, तर जाणकाराची मदत अवश्य घ्यावी. त्यात कमीपणा नाही. मात्र त्याला ‘नेट चालत नाही’ असे सांगण्याऐवजी ‘फोन चालतो, स्विच चालू आहे, कार्ड यादीत दिसते, परंतु फर्मवेअर मिळत नाही’ असे सांगावे. पहिल्या वाक्यावरून कोणी नवा लॅपटॉप घ्यावयास सांगेल. दुसरे वाक्य ऐकणाऱ्याला कोठे पाहावयाचे ते कळेल, आणि सांगणाऱ्या व्यक्तीला सहसा कोणी फसवू शकणार नाही.

तुम्ही काय शिकलात?

• बिनतारी जोडणी ही स्विच, कार्ड व त्याचा चालक, राउटरशी जोडणी, पत्ता आणि बाहेरचा रस्ता अशा पाच दुव्यांची साखळी आहे.
• तपासणी जवळच्या दुव्यापासून दूरच्या दुव्याकडे न्यावी.
• लक्षण एकच असले तरी कारणे वेगळी असू शकतात.

स्वाध्याय

१. ‘कार्ड जळले’ हे विधान पुराव्याशिवाय का मानू नये? तीन-चार वाक्यांत उत्तर लिहा.
२. फोनवर तपासणी करताना मोबाइल डेटा बंद का ठेवावा?
३. ‘पंखा चालत नाही’ किंवा ‘नळाला पाणी येत नाही’ यांपैकी एक वाक्य घ्या. त्यामागील संभाव्य दोष जवळून दूर या क्रमाने, प्रत्येकी एका नेमक्या वाक्यात लिहा.