बंदुकीच्या कपाटाला आतून काय लावावे?

सभासद बंधूंनो, रानडुकरांपासून ऊस राखायला आपल्यापैकी काहींकडे परवान्याची बंदूक आहे. मागे पावसाळा संपताच आम्ही बदलापूरला पाहुण्यांकडे गेलो होतो. त्यांनी लोखंडी कपाटाला आतून उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातला जाड फोम हौसेने चिकटवलेला. दार उघडले तर फोम नळीला चिकटलेला अन् खाली तांबडा गंज!

अंबरनाथच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले शेजारी म्हणाले, फोम ओल धरतो आणि ती थेट लोखंडाला देतो. चामड्याचेही तेच, कातडे कमावण्याची रसायने नळीला बाधतात. आमच्या मते अस्तर कमी तितके बरे. नळी टेकते तेवढ्याच जागी सिंथेटिक फेल्टची पट्टी लावावी. शिरक्यासारखा वास मारणारा चिकटा नको, त्या वाफेनेही गंज चढतो. चिकटा पुरता वाळेपर्यंत बंदूक आत ठेवू नये. कोपऱ्यात निळ्या सिलिका जेलची पुडी असावी. खडे गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरावेत. काडतुसे वेगळ्या कुलपात, हे सांगायला नकोच.

नळीला आतून खड्डे पडले असतील तर बार काढू नये, आधी परवानाधारक कारागिराला दाखवावी. पाहुण्यांची बंदूक अजून तिकडेच आहे.