व्हाइटचॅपलमधले पहिले वर्ष

सॅम्युएल बार्नेट आणि हेन्रिएटा रोलंड यांचे लग्न १८७३ च्या जानेवारीत झाले आणि मार्चमध्ये हे नवे जोडपे पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपल भागात, सेंट ज्यूड्स चर्चशेजारच्या पाळकाच्या घरात राहायला आले. सॅम्युएल २९ वर्षांचे, ब्रिस्टलच्या एका कारखानदाराचे चिरंजीव, ऑक्सफर्डला शिकलेले. हेन्रिएटाबाईंना बावीसही पूर्ण नव्हती. घर सधन, वडिलोपार्जित पैसा हाताशी, आणि मॅरिलबोनमध्ये समाजसुधारक ऑक्टेव्हिया हिल यांच्या हाताखाली गरिबांच्या घरोघरी जाण्याचा थोडा अनुभव. नेमणूक देण्यापूर्वी लंडनच्या बिशपांनी लेखी बजावले होते की माझ्या अखत्यारीतले हे सगळ्यात वाईट पॅरिश आहे, वस्ती मुख्यतः गुन्हेगारांची आहे आणि खैरातीने ती आणखी बिघडली आहे, तेव्हा विचार करून उत्तर द्या. दोघांनी विचार केला आणि होकार कळवला. शहराच्या पोटातल्या दरिद्री वस्तीत जाऊन राहणाऱ्या ख्रिस्ती जोडप्यांची जी परंपरा पुढे दीड शतक चालली, तिच्या सुरुवातीच्या कहाण्यांमध्ये ही एक ठळक आहे. तिचा मागोवा घ्यावासा वाटतो, कारण सेवेच्या पहिल्या वर्षाची किंमत कशी करावी हा प्रश्न तिच्याइतका स्वच्छ क्वचितच कुठे दिसतो. माझे म्हणणे असे की पहिल्या वर्षात सेवा करणाऱ्याच्या हातून वस्तीला जे मिळते ते थोडे असते, आणि त्यातलेही काही चुकीचे असते. वस्तीकडून त्याला जे मिळते ते बरेच जास्त असते. ते देणे फेडायचे, तर पहिले वर्ष संपल्यावरच खरे काम सुरू होते.

हेन्रिएटाबाईंनी पतीच्या निधनानंतर पाच वर्षांनी, १९१८ मध्ये, त्यांचे दोन खंडांचे चरित्र प्रसिद्ध केले. पहिल्या रविवारच्या उपासनेचे त्यातले वर्णन सांगण्यासारखे आहे. मोठ्या, थंड, ओस पडलेल्या चर्चमध्ये सहा-सात म्हाताऱ्या बाया तेवढ्या आल्या होत्या, आणि आल्याबद्दल काहीतरी पदरात पडेल या आशेने आल्या होत्या. पॅरिशची वस्ती सहा हजारांवर, आणि मंडळी एवढीच. याचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही. १८६० च्या दशकातले कडक हिवाळे, १८६६ चा कॉलरा, गोदीतली मंदी यांमुळे पूर्व लंडनसाठी पश्चिम लंडनने वर्गणीवर वर्गणी गोळा केली होती आणि ती वाटण्याचे एक साधन चर्च होते. पावाचे, कोळशाचे तिकीट हवे तर उपासनेला बसायचे, असा अलिखित करार पडून गेला होता. बार्नेट दांपत्याने तो मोडला. दारावर येणाऱ्याला पैसे द्यायचे नाहीत, चौकशी करून, माणसाची खरी अडचण समजून मगच मदत करायची, असा नेम त्यांनी धरला. लोक खवळले. दारासमोर जमाव जमू लागला, आरडाओरडा झाला, काचा फुटल्या. शेवटी घरातून चर्चमध्ये उघडणारे एक दार भिंतीत पाडून घ्यावे लागले. पुढच्या दारावर धक्के बसू लागले की सॅम्युएल त्या दाराने चर्चमधून बाहेर पडत आणि पोलिसाला बोलावून आणत. सेवेसाठी आलेल्या माणसाला ज्यांची सेवा करायची त्यांच्यापासून पोलिसांचे संरक्षण घ्यावे लागले, हे नीट पाहायला हवे. नंतरच्या गौरवात ते बुडवून टाकणे बरे नाही.

हा नकार बरोबर होता का? अर्धा होता, असे मला वाटते. प्रार्थना आणि पाव यांची सांगड तोडली हे निःसंशय बरोबर. पोटासाठी गुडघे टेकायला लावणे हा गरिबाचाही अपमान आणि धर्माचाही. पण या नकारामागे एक सिद्धान्तही होता. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीचा तो सिद्धान्त. दारिद्र्याचे मूळ माणसाच्या स्वभावात आहे, फुकटच्या मदतीने स्वावलंबन मरते, म्हणून मदत हात राखून करावी, असा त्याचा आशय. त्याच विचाराने व्हाइटचॅपलच्या गरीब-कायदा मंडळाने सत्तरच्या दशकात घरपोच सरकारी मदत जवळजवळ बंद केली, आणि त्या मंडळावर पुढे सॅम्युएल स्वतःही बसले. ज्यांना घरी राहून थोडे धान्य, थोडे पैसे मिळत होते, त्यांच्यापुढे वर्कहाउस, म्हणजे गरिबांचे सरकारी कामगृह, किंवा उपास एवढेच उरले. गोदीवरच्या हंगामी मजुराला आज काम मिळेल की नाही हे सकाळी फाटकापाशी उभे राहिल्यावरच कळायचे. अशा माणसाला काटकसरीचा उपदेश करण्यात मोठी चूक होती. पहिल्या वर्षी ती त्यांना दिसली नाही, आणि दिसणे शक्यही नव्हते. एका वर्षात घरे दिसतात, दारू दिसते, भांडणे दिसतात. मजुरीचा दर, गोदीतल्या कामाची भरती-ओहोटी, भाड्याचे गणित आणि म्हातारपणाची वाताहत दिसायला त्याच कुटुंबांचे अनेक हिवाळे पाहावे लागतात.

बार्नेट दांपत्याने ते पाहिले, कारण ती दोघे तिथून गेली नाहीत. १८८३ मध्ये सॅम्युएल यांनी ‘नाइन्टीन्थ सेंचुरी’ मासिकात एक लेख लिहिला आणि त्यात वृद्धांना सरकारी निवृत्तिवेतन द्यावे, अशी मागणी केली. दहा वर्षांपूर्वी कोळशाचे तिकीट नाकारणारा हाच माणूस आता राज्याने पैसे द्यावेत म्हणत होता. १८८८ मध्ये नवरा-बायकोच्या लेखांचे एकत्र पुस्तक निघाले. पुढच्याच वर्षी चार्ल्स बूथ यांच्या पाहणीचा पहिला खंड आला आणि पूर्व लंडनची सुमारे ३५ टक्के वस्ती दारिद्र्यात आहे, त्याची मोठी कारणे अनियमित काम, तुटपुंजी मजुरी, आजारपण आणि मोठे कुटुंब ही आहेत, हे आकड्यांनी पुढे आले. त्याच वर्षी गोदी कामगारांनी ताशी सहा पेन्ससाठी संप केला आणि जिंकला. १८९५ मध्ये सॅम्युएल यांनी चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीच्याच व्यासपीठावर तिच्यावर उघड टीका केली आणि जुन्या सहकाऱ्यांपासून ते दुरावले. ब्रिटिश संसदेने वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा केला तो १९०८ मध्ये, सत्तरीपुढच्यांना आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग. त्याचे सारे श्रेय एका पाळकाला देणे वेडेपणाचे होईल. पण १८७३ च्या नकारापासून १८८३ च्या मागणीपर्यंतचा प्रवास व्हाइटचॅपलमध्ये राहिल्याशिवाय झाला नसता, एवढे खात्रीने म्हणता येते. समजा, १८७४ च्या मार्चमध्ये वर्षभराचा अनुभव गाठीशी बांधून ती दोघे ऑक्सफर्डजवळच्या एखाद्या सुखवस्तू पॅरिशला गेली असती, तर खैरातीने गरीब बिघडतो हाच धडा घेऊन गेली असती आणि जन्मभर तोच शिकवत राहिली असती.

जोडपे म्हणून त्यांनी काय केले, याकडेही पाहायला हवे. नेमणूक एकाची होती, वेतन एकाला होते, काम दोघांचे होते. चर्चच्या कारभारात पाळकाच्या पत्नीचे श्रम गृहीत धरण्याची रीत जुनी आहे, आणि महाराष्ट्रातल्या मंडळ्यांनाही ती परकी नाही. हेन्रिएटाबाईंना हे परवडले, कारण त्यांच्याकडे स्वतःचा पैसा होता. ज्या स्त्रीकडे तो नसतो, तिच्या बाबतीत याच व्यवस्थेला पिळवणूक म्हणावे लागेल. तरीही व्हाइटचॅपलमधली टिकलेली कामे पाहिली, तर त्यांतली बरीच बाईंच्या डोळ्यांना आधी दिसलेली आहेत. १८७७ मध्ये वस्तीतल्या नऊ आजारी मुलांना गावाकडच्या कुटुंबांत काही दिवस राहायला पाठवले गेले. त्यातून १८८४ मध्ये मुलांच्या ग्रामीण सुटीसाठी कायमचा निधी उभा राहिला. अनाथ मुलांना शेकड्यांनी कोंबणाऱ्या सरकारी शाळांवर देखरेख करताना त्यांनी मुले लहान घरांत, कुटुंबांत वाढावीत याचा हट्ट धरला. बायकामुलांच्या जगात शिरायला एकट्या पाळकाला दार नव्हते. वस्तीत संसार मांडलेल्या बाईला ते होते. आजारी मूल, मोलकरीण म्हणून निघालेली पोर, माहेरी परत आलेली लेक, ही माहिती चर्चच्या वहीत येत नाही. ती शेजारणीला कळते.

यावर पहिला आक्षेप वर्गाचा. श्रीमंत घरातले सुशिक्षित लोक गरिबांच्या मोहल्ल्यात राहायला जातात, त्यांना चित्रे दाखवतात, संगीत ऐकवतात, आणि सत्तेचे नाते मात्र बदलत नाही, असे इतिहासकारांनी सविस्तर मांडले आहे. गॅरेथ स्टेडमन जोन्स यांचे १९७१ चे पुस्तक किंवा सेथ कोव्हन यांचे २००४ चे पुस्तक वाचल्यावर हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. तो खराच आहे. बार्नेट यांच्या लिखाणात वरून खाली पाहण्याचा सूर जागोजाग लागतो. माझे उत्तर एवढेच की या आक्षेपाचा खरा मारा क्षणिक सेवेवर होतो. दीर्घ मुक्कामात उलटतपासणीची सोय असते. शेजारी रोज प्रश्न विचारतो, भाडेकरू भांडतो, संपकरी आपली बाजू मांडतो. १८८४ च्या डिसेंबरमध्ये सेंट ज्यूड्सच्या शेजारी बार्नेट यांच्या पुढाकाराने टॉयन्बी हॉल उघडला, आणि विद्यापीठातली मुले तिथे येऊन राहू लागली. विल्यम बेव्हरिज आणि क्लेमेंट अ‍ॅटली यांनी तिथे काम केले. १९४२ चा सामाजिक सुरक्षेचा अहवाल बेव्हरिज यांच्या नावावर आहे आणि तो अमलात आणणारे सरकार अ‍ॅटली यांचे. वरून आलेल्यांची नजर वस्तीने बदलली, याचा यापेक्षा भक्कम पुरावा मला ठाऊक नाही.

दुसरा आक्षेप धर्माचा, आणि आपल्याकडे तो लगेच ओठावर येतो. ही सेवा म्हणजे धर्मप्रसाराचे आमिष नव्हे का? बार्नेट यांच्यावर आरोप झाला तो नेमका उलटा. टॉयन्बी हॉलमध्ये राहायला कुठल्याही धर्ममताची अट नव्हती. हे पुरेसे ख्रिस्ती नाही, असे वाटलेल्या ऑक्सफर्डच्या लोकांनी १८८४ मध्येच बेथनल ग्रीनमध्ये ऑक्सफर्ड हाउस ही वेगळी संस्था काढली. १८८१ पासून सेंट ज्यूड्सच्या शाळेत भरणारे चित्रप्रदर्शन रविवारीही उघडे राहू लागले, तेव्हा शब्बाथ मोडला म्हणून गदारोळ उठला. मजुराला सुटी रविवारचीच असते, यावर सॅम्युएल अडून राहिले. त्यांच्या चर्चमधली मंडळी शेवटपर्यंत मोठी झाली नाही. डोकी मोजून यश ठरवायचे तर हा पाळक अपयशी ठरला. त्या प्रदर्शनांतून १९०१ मध्ये व्हाइटचॅपल गॅलरी उभी राहिली, ती आजही आहे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात अवघड वाटतो. सगळ्यांना जन्म वाहून टाकता येत नाही. नोकरी, आई-वडील, कर्ज सांभाळून एखादे जोडपे एक वर्ष देत असेल, तर ते नाकारायचे का? अमेरिकेत अशा मुदतीच्या सेवेची मोठी परंपरा आहे. ब्रेदरेन चर्चने १९४८ पासून, जेझुइटांनी १९५६ पासून तरुण स्वयंसेवक पाठवले, आणि त्यातले कितीतरी मोठ्या शहरांच्या पडक्या वस्त्यांत गेले. १९६८ मध्ये विचारवंत इव्हान इलिच यांनी मेक्सिकोत येणाऱ्या अमेरिकन विद्यार्थी-स्वयंसेवकांना तोंडावर सांगितले की तुमच्या सद्हेतूंचा इथल्या लोकांना उपयोग नाही, मदत करायला येऊ नका. मी तितक्या टोकाला जाणार नाही. एका वर्षात शिधावाटप होते, मुलांचा अभ्यास घेता येतो, आजाऱ्याला दवाखान्यात नेता येते, आणि ते ज्याला मिळते त्याला ते खरेच मिळते. अडचण हिशेबात आहे. वर्षअखेरीच्या निवेदनात जोडप्याचे मन कसे पालटले, श्रद्धा कशी गाढ झाली, हेच भरून असते, आणि वस्तीतल्या माणसाचे काय झाले हे एखाद्या ओळीत उरकते. दरवर्षी नवे चेहरे येतात, मुले लळा लावतात, जून आला की चेहरे जातात. मुदतीची सेवा कायम मुक्कामाच्या संस्थेला जोडलेली असेल, आधीच्याने शिकलेले नंतरच्याच्या हाती पडत असेल, तरच ती वस्तीच्या उपयोगाची. टॉयन्बी हॉलमध्ये राहणारे तरुण येत-जात राहिले, पण १९०६ पर्यंत वॉर्डन बार्नेटच होते.

हा धागा मुंबईपर्यंत आला आहे. अमेरिकन समाजसेविका जेन अ‍ॅडम्स यांनी टॉयन्बी हॉल पाहिला आणि १८८९ मध्ये शिकागोत त्याच धर्तीवर हल हाउस काढले. त्याच शिकागोत शिकलेले क्लिफर्ड मॅनशार्ट १९२५ मध्ये अमेरिकन मराठी मिशनतर्फे सपत्नीक मुंबईला आले, आणि गिरणगावाजवळच्या नागपाड्यात नेबरहुड हाउस उभे राहिले. धर्मांतर हा हेतू न ठेवता सर्व जातिधर्मांच्या शेजाऱ्यांसाठी ते चालले. तिथे दहा वर्षे काम केल्यावर मॅनशार्ट यांच्या ध्यानात आले की या कामाला शिकलेली भारतीय माणसे हवीत, आणि १९३६ मध्ये नागपाड्यातच सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. इथेही पहिल्या वर्षाने काही दिले नव्हते. दिले ते दहाव्या वर्षाने.

म्हणून वर्षभरासाठी जोडपी पाठवणाऱ्या मंडळ्यांना आणि संस्थांना एकच विनंती करावीशी वाटते. निघण्याच्या दिवशीच दुसऱ्या वर्षाच्या भाड्याची तरतूद करून ठेवा, दोघांपैकी एकाच्याच नावाने काम न लिहिता बायकोच्या श्रमांनाही वेतन द्या, आणि वर्षअखेरीचे निवेदन वस्तीतल्या शेजाऱ्यांना आधी वाचून दाखवा.