बलुते आणि 45 दिवस

बलुतेदारीत चांभार वर्षभर चपला शिवायचा. मोबदला मात्र सुगीत, खळ्यावर, कुणब्याच्या मर्जीने. बलुते गेले, पण ‘माल आज, पैसे मागाहून’ ही रीत चामड्याच्या कारागिराची पाठ सोडत नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या 2006 च्या कायद्याने या मर्जीला तारीख घातली. लेखी करार नसेल तर 15 दिवस, असला तरी 45 दिवसांपलीकडे नाही. पुढे बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. दाद राज्याच्या सुविधा परिषदेकडे. 2023 च्या वित्त कायद्याने आणखी चाप लावला: मुदत चुकवलेले पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला प्राप्तिकरात वजावट नाही. पण आपला माणूस कच्च्या चिठ्ठीवर माल देतो. शिवाय तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाईल, ही भीती. तिच्यावर कायद्यात इलाज नाही. कागदाचे मात्र कार्यकर्त्यांना वस्तीत बसून करता येईल. ‘उद्यम’ नोंदणीला फी नाही. ती माल देण्याआधी व्हावी.