उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत कसे होते?

वस्तीत काम करताना पालक एक प्रश्न हमखास विचारतात. पोरगं आधीच एका जागी बसत नाही, मग डॉक्टर त्याला मेंदू ‘उत्तेजित’ करणारी गोळी का देतात? या भीतीने काही जण परस्पर औषध बंद करतात. म्हणून हा विषय कार्यकर्त्यांनी समजून घेणे गरजेचे आहे.

एडीएचडी म्हणजे अवधान कमी आणि चंचलता जास्त असण्याचा विकार. असे मूल मुद्दाम द्वाडपणा करत नाही. थांबणे, वाट पाहणे, हातातले काम पूर्ण करणे यासाठी कपाळामागचा मेंदूचा भाग महत्त्वाचा असतो. डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही रसायने योग्य प्रमाणात मिळाली तरच तो नीट चालतो. २००७ साली अमेरिकेतील संशोधकांना आढळले की, या मुलांच्या मेंदूच्या बाह्य थराची वाढ इतर मुलांसारख्याच क्रमाने होते, पण सरासरी तीन वर्षे उशिरा.

मेथिलफेनिडेट हे यावरचे प्रमुख औषध. एक पेशी दुसरीला निरोप देण्यासाठी ही रसायने सोडते आणि लगेच परत ओढून घेते. औषध ही परतीची वाट काही तास अडवते. त्यामुळे निरोप ठळकपणे पोहोचतो. उत्तेजन मिळते ते लगाम धरणाऱ्या हाताला, म्हणून मूल सावरते. या गोळीने मुलाला गुंगी येत नाही.

हा गुण प्रथम योगायोगाने लक्षात आला. १९३७ मध्ये अमेरिकेतील डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध ३० मुलांना दिले, तेव्हा जवळपास निम्म्या मुलांच्या अभ्यासात मोठी सुधारणा दिसली.

अर्थात, औषधाला मर्यादा आहेत. भूक मंदावते, झोप कमी होते, काहींची उंची थोडी संथ वाढते. हृदयविकार असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. सहा वर्षांखालील मुलांसाठी प्रथम पालकांना प्रशिक्षण दिले जाते. गोळी लक्ष टिकवायला मदत करते. शिकवावे मात्र माणसांनाच लागते.

प्रत्येक चंचल मूल एडीएचडीचे नसते. भूक, अपुरी झोप, कमी दिसणे, घरातली भीती यांमुळेही लक्ष उडते. म्हणून तपासणी तज्ज्ञांकडूनच व्हावी. शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जावे किंवा १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर विचारावे. ‘वाया गेलेला’ हा शिक्का बसून मुलाची शाळा सुटण्याआधी त्याच्या घरी आपण पोहोचले पाहिजे.