तंबूतील दोन रात्री, हजार वर्षांच्या शेजारी

मित्रमंडळींसह तंबू ठोकावा, शेकोटीभोवती रात्र जागवावी आणि दिवसा प्राचीन अवशेष पाहावेत, हा अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील सुटीचा आवडता बेत. न्यू मेक्सिको राज्यातील चाको कॅन्यन हे त्यासाठी विख्यात ठिकाण. मात्र तेथे पर्यटकांवर एवढी बंधने का, हे निघण्यापूर्वीच समजून घेतलेले बरे.

इ. स. ८५० ते ११५० या काळात आजच्या प्युब्लो समाजाच्या पूर्वजांनी या कोरड्या खोऱ्यात दगडी वास्तू उभारल्या. त्यांतील 'प्युब्लो बोनितो' या वास्तूत सहाशेहून अधिक खोल्या होत्या. छतांसाठी लागणारी असंख्य लाकडे चाकांची वा ओझ्याच्या जनावरांची मदत नसताना दूरच्या डोंगरांतून आणली गेली. १९८७ मध्ये या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

याच खोऱ्यातील फहादा टेकडीवर तीन उभ्या शिळांच्या फटींतून येणारी उन्हाची तिरीप कातळावर कोरलेल्या सर्पिलाकृतीवर पडते. वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी ती आकृतीच्या नेमकी मधोमध येत असे. आधुनिक अभ्यासकांच्या हे १९७७ मध्ये ध्यानात आले आणि टेकडीवर वर्दळ वाढली. पायांखाली माती झिजली, शिळा सरकल्या. १९८९ मध्ये तपासणी झाली, तेव्हा तिरिपीची जागा चुकलेली आढळली. शतकानुशतके टिकलेली रचना अवघ्या बारा वर्षांत बिघडली, तीही कौतुकाने आलेल्यांमुळे. आता टेकडीवर जाण्यास मनाई आहे.

खापराच्या तुकड्यांनाही हाच न्याय लागू पडतो. तुकडा कोठे, कोणत्या थरात पडला आहे, यावरून वस्तीचा काळ आणि व्यवहार उमगतो. खिशात गेलेला तुकडा मुका होतो. म्हणूनच असे अवशेष उचलणे हा कायद्याने गुन्हा आहे. शिवाय होपी, झुनी आदी समाजांसाठी ही पूर्वजांची पवित्र भूमी आहे. त्यांच्या दृष्टीने ती ओसाड नाही.

मुक्कामासाठी उद्यानातच गॅलो ही तंबूंची जागा आहे. तेथे पोहोचण्याचा अखेरचा रस्ता कच्चा असून पावसात चिखलमय होतो. शिधा आणि इंधन सोबतच न्यावे लागते. त्याचे फळ रात्री मिळते. कृत्रिम प्रकाशापासून मुक्त अशा येथील आकाशाला २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय मान्यता लाभली. त्या चांदण्यांच्या आठवणी हव्या तेवढ्या घरी नेता येतात. खापराला मात्र हात लावू नये.