समृद्धीवर निघण्याआधी ऑइल बघा, पण गाडीनुसार!

११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि आपल्या वाशीम जिल्ह्यातून, कारंजा, शेलूबाजार, मालेगावच्या पट्ट्यातून स्पोर्ट्स कार घेऊन जायला छान रस्ता मिळाला. कारला वेगमर्यादा ताशी १२० किमी. भर उन्हात या वेगाने सलग धावताना इंजिन तापतं आणि थोडं ऑइल जळतंही, म्हणून निघण्याआधी पातळी बघाच.

नेहमीच्या गाडीचं सोपं आहे: सपाट जागा, इंजिन बंद, पाच-दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून परत घाला आणि काढून बघा.

पण जुनी एअर-कूल्ड पोर्शे ९११ असेल तर हीच पद्धत चुकते! तिच्यात ड्राय सम्प असतो, म्हणजे ऑइल इंजिनखाली न साठता वेगळ्या टाकीत जातं. वळणावर ऑइल एका बाजूला गेलं तरी पंप कोरडा पडू नये म्हणून ही रचना. इंजिन बंद केलं की टाकीतलं ऑइल हळूहळू इंजिनात उतरतं आणि पातळी कमी दिसते. म्हणून तिचं ऑइल इंजिन पूर्ण तापलेलं आणि आयडलवर चालू असतानाच बघायचं. आत्ताच्या बऱ्याच मॉडेलांत डिपस्टिकच नाही, पातळी स्क्रीनवर दिसते. मॅन्युअल वाचाच.

‘थोडं जास्त असू दे’ म्हणून वरच्या खुणेपुढे भरू नका. नेहमीच्या सम्पमध्ये क्रँकशाफ्ट जास्तीचं ऑइल घुसळतो, फेस होतो, दाब घसरतो.

आणि डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा दाबाचा असतो, पातळीचा नव्हे. तो लागला तर गाडी सुरक्षित कडेला घेऊन इंजिन लगेच बंद करा.